सुनेची बाटली

"मास्तर, आज कंचा रंग?"

डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच ती हे विचारायची. मग पाटी दाराशी टेकवायची, वरचा ओला गोणपाट बाजूला सारायची, कोपरापर्यंत हात बोंबलांत खुपसायची आणि तळातून एक तपकिरी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवायची. बाटली खोकल्याच्या औषधाची, मीच धुऊन दिलेली. आत तिच्या सुनेची लघवी. बोंबलांच्या थंडाव्यात माल ताजा राहतो, असं तिचं म्हणणं होतं आणि खरं सांगायचं तर ते चूक नव्हतं. बाटलीला येणारा वास मात्र कशाचा हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. बेलापूरच्या नव्या वसाहतीत तेव्हा इमारती तयार होत्या आणि रस्ते व्हायचे होते. एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी रक्त-लघवी तपासायला बसायचो. मी साताऱ्याकडचा, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातला. ती दिवाळे गावची कोळीण, सकाळी आमच्या वसाहतीत मासळी विकणारी. माझ्या खोलीत दर आठवड्याला बोंबील येतात हे माझ्या आईला कळलं असतं, तर तिने मला परत बोलावून घेतलं असतं.

मी तिला मावशी म्हणायचो. ती मला मास्तर म्हणायची, पण ते फक्त तोंडावर. बाजारात माझं नाव तिने 'मुतमास्तर' असं करून टाकलं होतं. "हा आमचा मुतमास्तर," ती गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकाने सांगायची, "लय हुशार. बाटली बगून घरातलं सांगतो." त्या सुमारास माझ्या लग्नाचं चाललं होतं. एका स्थळाकडचे दोघे गुपचूप चौकशी करायला आले आणि त्यांनी नेमकं मच्छीवाल्यांनाच विचारलं. "मुतमास्तर ना? दवाखान्याच्या मागं," असं सांगून त्यांना माझ्या दारात आणून सोडण्यात आलं. ते स्थळ काही जमलं नाही.

आता तुम्हाला ते रंगाचं सांगायला हवं. तेव्हा घरोघरी आजच्यासारखी यंत्रं नव्हती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर उकळायची. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर विचारूच नका. मावशीच्या सुनेची पहिली बाटली मी उकळली, तेव्हा नळीत नुसती वीटभट्टी लागली होती.

सून बावीस वर्षांची, काटकुळी. सतत पाणी प्यायची. तिचा मधुमेह उशिरा कळला होता, पहिलं बाळंतपण होऊन गेल्यावर. ते मूल नऊ महिने भरून आलं होतं. मावशीने मला त्याचं एकदाच सांगितलं. "एवरा मोठा होता, मास्तर," तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. "गाव बघाया आला, कवरा गुटगुटीत. पन रडला नाय." एवढं बोलून तिने पाटी उचलली आणि त्या दिवशी रंग न विचारताच ती निघून गेली.

डॉक्टरीणबाईंनी सासू-सुनेला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. आईच्या रक्तात साखर फार असली की पोटातलं मूल नुसतं फुगतं, आणि फुगलेलं मूल म्हणजे धडधाकट मूल नव्हे. पहिल्या महिन्यांत तर त्याचे अवयव बनत असतात, तेव्हाच साखरेने घोटाळा होतो. म्हणून दिवस राहायच्या आधीच साखर ताब्यात आणायची. रोज सकाळी दवाखान्यात येऊन इंजेक्शन, जेवण मापून, आठवड्याला एक बाटली. तीन महिने सलग निळा रंग आला की मग मुलाचा विचार. तोवर नाही.

मावशीने यातलं एकच वाक्य नीट ऐकलं. निळा रंग आला की परवानगी.

पहिले तीन आठवडे वीट आली. चौथ्या आठवड्यात बाटली निळी. मी खूश. पाचव्यात निळी, सहाव्यात निळी. "मावशी, कमाल केलीत," मी म्हणायचो. ती पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "मंग! आमचं काम म्हंजे काम." डॉक्टरीणबाईंना मात्र ते पटत नव्हतं. सून तशीच वाळलेली, तशीच तहानलेली, आणि बाटल्या बघाव्या तर खाडीच्या पाण्यासारख्या निळ्याशार. एके दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "तुझं औषध शिळं तर झालं नाही ना?" मला ते फार लागलं. मी नवीन औषध बनवलं, ग्लुकोजची पूड पाण्यात घोळून बघितलं, गूळ घालून बघितलं. दोन्हींचा रंग बदलला. नळ्या धुतल्या, पुन्हा धुतल्या. बाटली निळी ती निळीच.

तीन महिने पुरे व्हायला आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हिची दिवसांची तपासणीही करून टाक. हे लोक माझ्या परवानगीला थांबतील याचा मला भरवसा नाही." मी काचेच्या पट्टीवर थेंब घेतला, औषध घातलं, पट्टी हलवत बसलो आणि बघतो तर काय!

"मावशी, पेढे आणा," मी म्हणालो. "दिवस गेलेत."

"कोनाला?"

"कोणाला म्हणजे? तुमच्या सुनेला."

ती पोट धरून हसली. "मास्तर, तुजी काच फुटली वाटतं. ती कालच बाजूला बसलीय."

"पण बाटली सांगतेय."

"बाटली खोटं सांगतेय. बाटलीला काय..." आणि ती थांबली. तिने उजव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं, मग डाव्या हाताच्या. मग ती सावकाश पाटीच्या कडेवरच बसली. एवढी वर्षं ती पाटी डोक्यावर घेऊन फिरली, पण तिला पाटीवर बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "ती बाटली माजी हाय."

"हो, तुमचीच. दवाखान्याने तुम्हालाच दिलीय."

"बाटली नाय रं! आतला माल माजा हाय."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग सगळं एकदम समजलं. चौथ्या आठवड्यापासूनची प्रत्येक बाटली तिने स्वतःच भरली होती. सून बिचारी घरी आपली बाटली सासूच्या हातात द्यायची, सासू ती खाडीत ओतायची. मावशीचं वय तेव्हा चाळिशीच्या जरा पुढे. चौदाव्या वर्षी लग्न झालेलं, मुलगा कर्ता. पाळी लांबली ती वयामुळे, असं ती धरून चालली होती. आणि मी मुतमास्तर, बाटली बघून घरातलं सांगणारा, तिने नेमून दिलेलं काम मी इमानाने केलं होतं.

डॉक्टरीणबाईंना सांगणं भाग होतं. त्या फार कडक. सगळं ऐकून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. वळल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं खरं, पण ते हसण्याचं. मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मावशीला जे फैलावर घेतलं ते पाव तास. "जवळजवळ तीन महिने मी तिचं इंजेक्शन तुमच्या लघवीवर ठरवत होते! पोरगी गेली असती तर? आणि त्यात दिवस राहिले असते तर पुन्हा तेच मूल, पुन्हा तसंच!"

मावशी मान खाली घालून ऐकत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बाई, माजी भैन पोराचं दुसरं लगीन जमवाया निघालीय. मी नको म्हनते. पन किती दिस नको म्हनू? मना वाटलं, तुमी एकदा हो म्हनलात की पोर व्हईल, आनि ही घरात राहील."

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "आणि तुमचं काय करायचं? अजून वेळ आहे. नको असेल तर रीतसर मोकळं होता येतं, कोणी नाव ठेवणार नाही."

तिने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन हजर. "राऊ दे. आलाय तर येऊ दे. न बोलवता आला म्हनून दारातून परत लावू काय?"

"आणि नवरा काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो दोन दिस होडीवरच हाय. घरात याया लाजतो."

गावाने तिची टिंगल करायची एवढी मोठी संधी सोडली नाही. तिनेही आजवर कोणाला सोडलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी हिशेब चुकते केले. "मावशीला चाळिशीत भरती आली," म्हणून बाया फिदीफिदी हसायच्या. ती बोंबील निवडता निवडता उत्तर द्यायची, "भरती काय वय इचारून येते?"

घरात मात्र हसण्यासारखं नव्हतं. सून दोन दिवस सासूशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात ती एकटी उभी. तोवर ती सासूच्या मागे उभी राहूनच बोलायची. तिने बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हा माजा हाय. उकळ."

मी उकळला. वीट. तिने नळी हातात घेऊन बराच वेळ बघितली. "आता मी सोता आनीन," ती म्हणाली. "तिच्या हातात देनार नाय."

तिथून खरं काम सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी जेवणाची उलटतपासणी घेतली. "भात किती खातेस?" "थोरा," सून म्हणाली. डॉक्टरीणबाई कोल्हापूरच्या. त्यांनी ते 'थोरला' असं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि भात निम्म्यावर आणला. आठ दिवसांनी पोरगी चक्कर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली, घामाने भिजलेली, हात लटलट कापत होते. साखर फार उतरली की असंच होतं. मी धावत जाऊन चहाची साखर तिच्या तोंडात घातली. दिवाळ्यात 'थोडा'ला 'थोरा' म्हणतात, हे मग मी डॉक्टरीणबाईंना समजावून सांगितलं. भात परत वाढला, बाईंचा आवाज मात्र दिवसभर उतरलेला होता.

इंजेक्शन आता दिवसातून दोनदा झालं, म्हणजे ते घरीच द्यायला हवं. ते काम मावशीने मागून घेतलं. सून नको म्हणाली. मावशीने काचेची सिरिंज आणि साधं उकळलेलं पाणी घरी नेलं आणि हात बसवायला रोज सकाळी पापलेटांना टोचायला सुरुवात केली. "कातडी चिमटीत धराची, सुई तिरपी घालाची, पापलेट तक्रार करत नाय," ती मला सांगायची. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्या घरी आलेल्या पापलेटाला शिजताना फार पाणी सुटलं म्हणे. का, ते मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. दहाएक पापलेटं झाल्यावर सुनेने दंड पुढे केला. टोचलेलं तिला कळलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून दोघी पुन्हा बोलायला लागल्या.

औषधाची कुपी बर्फात ठेवायची नाही, हे कोळणीला पटवणं कठीण गेलं. शेवटी ती माठाखालच्या ओल्या वाळूत विसावली. सुनेला एकटीला मापून जेवायला नको, म्हणून मावशीही तेवढ्याच वाटीने भात घ्यायला लागली, पोटुशी असून. मला तिचं फार कौतुक वाटलं. ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी ती माझ्या खोलीत बसून वडापाव खाताना सापडली. एक संपला होता, दुसरा चालू होता. "सुनेला सांगू नको," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "पोटातला वरडत होता."

पावसाळ्याच्या तोंडावर मावशीला मुलगा झाला, घरीच, फारसा गाजावाजा न करता. महिन्याभरात ती पाटी घेऊन परत हजर. सुनेने आपल्या त्या धाकट्या दिराला न्हाऊ-माखू घातलं. तेव्हा तिच्या मनात काय येत असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आठवड्याची बाटली मात्र ती चुकली नाही. वीट गेली, पिवळा गेला, हिरव्यावर बरेच दिवस अडलो. मग निळा. मी आधी सुनेच्या तोंडाकडे बघितलं. "माजाच हाय," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

तीन महिने निळे झाले. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं आणि दोनच महिन्यांत माझी पट्टी पुन्हा बोलली. या वेळी मी पेढे मागितले नाहीत, आधी बाटली कोणाची ते विचारलं.

त्या नऊ महिन्यांत इंजेक्शनचं माप वाढत गेलं, बाटली आठवड्याऐवजी रोजची झाली आणि नळ्या-दिवा मीच तिच्या घरी नेऊन दिला. मावशी दारात बसून उकळायची, मांडीवर तिचं पोर. येणारी-जाणारी रंग बघून जायची. पोट फार मोठं दिसत नाही म्हणून बाया हळहळल्या, तर ही त्यांच्या अंगावर धावून गेली. "मोठा नको मना! बारका पायजे, रडनारा पायजे!"

दिवस भरत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी खाडीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मावशीने आपलं पोर बहिणीकडे टाकलं आणि मला ओढत नेलं. मास्तर बरोबर असला की साखर वचकून असते, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. सकाळी सुनेचं पोट उघडून मूल काढलं. आम्ही बाहेर बाकावर होतो. आतून आवाज आला. बारीकसा, चिरका, पण आवाज. मावशीने माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होता. "रडला," ती म्हणाली, "मास्तर, रडला." रडली होती. मुलगी होती.

पण ते तेवढ्यावर संपलं नाही. तासाभराने नर्स बाहेर आली. मुलीचे हात कापत होते. आईच्या साखरेची सवय झालेली मुलं नाळ तुटली की अशी अचानक रिकामी होतात, त्यांची साखर एकदम उतरते, हे मला माहीत होतं, आणि तेव्हा मला वाटलं की माहीत नसतं तर बरं झालं असतं. डॉक्टर म्हणाले, आधी दूध पाजून बघा, घेतलं नाही तर सलाईन लावू. सून अजून शुद्धीवर नव्हती.

"द्या इकडं," मावशी म्हणाली.

"तुम्ही कोण?" नर्सने विचारलं.

"आजी."

"अहो, दूध पाजायचंय."

"मंग तेच तर." सकाळपासून पोराला सोडून आलेली, तिच्या चोळीचा पुढा ओलाचिंब होता. "आजीला दूद येत नाय, आसं कुटं लिवलंय?"

नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. दुसरं काय करणार? मावशी बाकावर मांडी घालून बसली आणि तिने नातीला पदराखाली घेतलं. पहिल्यांदा ती घेईना. मावशीने तिच्या गालावर टिचकी मारली आणि दरडावलं, "ए, लाजतेस काय? तुजा काका येवराच आसल्यापासून ढोसतोय." मग पदराखालून चुटुचुटु आवाज आला. मी भिंतीकडे तोंड केलं. माझे खांदे हलत होते, आणि ते हसण्याने नव्हे.

अर्ध्या तासाने टाचेतून थेंब घेतला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "साखर वाढली."

दोन वर्षं हे दोन शब्द ऐकले की मावशी कपाळावर हात मारायची. त्या दिवशी तिने तिथल्या तिथे नर्सच्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. "वाढली! मास्तर, आयकलंस? साखर वाढली!" सगळा वॉर्ड बघत होता.

सुनेला दूध यायला चार दिवस लागले. तोपर्यंत मुलगी मावशीच्याच अंगावर होती. पुढेही, घरी गेल्यावर, काका आणि पुतणी दोन बाजूंना एकाच वेळी लटकलेले मी पाहिलेत.

त्यानंतर मावशी सहा-सात वर्षांनी गेली. कावीळ झाली आणि आठ दिवसांत आटोपलं. मी तोवर नेरूळला राहायला गेलो होतो, मला उशिरा कळलं. दिवाळ्याला गेलो तेव्हा तिच्या ओट्यावर दोन पोरं खेळत होती, उंचीला सारखीच. मुलीच्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि ती मुलाला दम देत होती, अगदी आजीच्या सुरात. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मावशी तुझी कोण लागायची गं?"

"आय," ती म्हणाली.

तिची आई मागे दारात उभी होती. तिने ऐकलं. पदराने डोळे टिपले, मला आत या म्हणाली, आणि पोरीची चूक काही दुरुस्त केली नाही.